प्रमाण आणि प्रतिष्ठा: कॅडिलॅक या नावाचा इतिहास



या व्याख्यानमालेत आपण बहुधा विचारांबद्दल आणि विचारवंतांबद्दल बोलतो. आज एका मोटारगाडीबद्दल बोलणार आहोत. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं गाडीवर व्याख्यान द्यावं, याचं काहींना नवल वाटेल. पण वस्तू मुक्या नसतात. एखादी वस्तू लोक कशासाठी विकत घेतात, आणि कोणाला ती विकत घेऊ देत नाहीत, हे नीट पाहिलं तर त्या समाजाचं नीतिशास्त्र समजतं. पुस्तकातलं नव्हे, रोजच्या व्यवहारातलं.

गाडीचं नाव कॅडिलॅक. अमेरिकेत हे नाव केवळ गाडीचं राहिलेलं नाही. कुठल्याही प्रकारातल्या सर्वोत्तम वस्तूला तिथले लोक 'त्यातली कॅडिलॅक' म्हणतात. आपल्याकडे वनस्पती तुपाला सरसकट डालडा म्हणायचे, तसं हे नाही. डालडा हे नाव प्रकाराला चिकटलं, कॅडिलॅक हे नाव पायरीला चिकटलं. शिवणयंत्रातली कॅडिलॅक असू शकते, बाळाच्या ढकलगाडीतली असू शकते. इतकंच काय, २०१० साली अमेरिकेत आरोग्यविम्याचा मोठा कायदा झाला, तेव्हा महागड्या विमा योजनांवर बसवलेल्या कराला सगळे 'कॅडिलॅक टॅक्स' म्हणू लागले. तो कर प्रत्यक्षात कधी लागू झालाच नाही, २०१९ च्या अखेरीला रद्द झाला. पण गाडीचं नाव राजकारणाच्या भाषेत जाऊन बसलं ते बसलंच.

आजचा आपला प्रश्न असा: 'सर्वोत्तम' म्हणजे काय? अचूक घडवलेलं ते सर्वोत्तम, की इतरांना परवडत नाही ते सर्वोत्तम? मराठीत यासाठी दोन चांगले शब्द आहेत. एक 'प्रमाण' आणि दुसरा 'प्रतिष्ठा'. प्रमाण म्हणजे माप, आणि न्यायशास्त्रात प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचं साधन. ज्यावरून खरंखोटं ठरवता येतं ते प्रमाण. प्रतिष्ठा मात्र दुसऱ्याच्या डोळ्यांत असते. ओसाड बेटावर एकट्या माणसाला मोजपट्टी उपयोगी पडेल, प्रतिष्ठा पडणार नाही. कॅडिलॅकचा सव्वाशे वर्षांचा इतिहास आम्हाला या दोन शब्दांमधल्या प्रवासाचा इतिहास वाटतो.

सुरुवात नावापासूनच करू या, कारण नावातच एक गंमत आहे. १६५८ साली फ्रान्सच्या गॅस्कनी भागात आंत्वान लोमे नावाचा मुलगा जन्माला आला. वडील न्यायखात्यातले, प्रांतातल्या एका लहान गावचे. घराणं खानदानी वगैरे काही नाही. हा तरुण १६८० च्या दशकात उत्तर अमेरिकेतल्या फ्रेंच वसाहतीत गेला. समुद्र ओलांडल्यावर मागचं कोण विचारतो? लग्नाच्या वेळी, १६८७ साली, त्यानं स्वतःला एक भारदस्त सरदारी नाव लावून घेतलं: द ला मोत, सिउर द कादियाक. पुढे घराण्याचं मानचिन्हही तयार केलं. त्यात चोच आणि पाय नसलेले छोटे पक्षी होते. युरोपातल्या मानचिन्हांमध्ये असे पक्षी काढायची जुनी रीत आहे. याच माणसानं २४ जुलै १७०१ रोजी नदीकाठी एक ठाणं वसवलं, तेच पुढे डेट्रॉइट शहर झालं. नंतर तो लुइझियानाचा गव्हर्नर झाला, आणि फ्रान्सला परतल्यावर काही महिने बास्तिलच्या तुरुंगातही राहून आला.

म्हणजे बघा, अमेरिकेतल्या सर्वात प्रतिष्ठित गाडीचं नाव आणि चिन्ह दोन्ही एका स्वयंघोषित सरदाराकडून आलेलं आहे. यात आम्हाला हसण्यासारखं काही दिसत नाही. जन्मानं न मिळालेला मान नव्या जमिनीवर कमवायचा, आणि कमवण्याआधी थोडा गृहीत धरायचा, ही त्या खंडाची जुनी रीत. गाडीनं ती नावाबरोबरच घेतली.

आता कारखान्याकडे येऊ. १९०२ साली डेट्रॉइटमध्ये हेन्री फोर्ड यांची एक कंपनी बुडण्याच्या बेतात होती. आपण ज्या फोर्ड कंपनीला ओळखतो ती पुढच्या वर्षीची. ही त्याच्या आधीची, आणि भागीदारांशी पटेना म्हणून फोर्ड तिच्यातून बाहेर पडले होते. विल्यम मर्फी आणि लेम्युएल बोवेन या भांडवलदारांनी गाशा गुंडाळायचं ठरवलं. यंत्रसामग्रीची किंमत काढायला त्यांनी हेन्री लेलँड नावाच्या जाणकाराला बोलावलं. लेलँड यांनी किंमत काढली, आणि वर सल्ला दिला की कंपनी मोडू नका, गाडी बनवा, इंजिन आम्ही देतो. हे इंजिन त्यांनी आधी ओल्ड्समोबिल कंपनीसाठी सुधारून तयार केलं होतं, पण तिथे ते घेतलं गेलं नव्हतं. आदल्याच वर्षी डेट्रॉइटनं आपला दोनशेवा वाढदिवस साजरा केला होता, संस्थापकाचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. तेच कंपनीला दिलं.

हे लेलँड कोण? जन्म १८४३, व्हरमाँटमधल्या शेतकरी घरातला. यादवी युद्धाच्या काळात त्यांनी स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात काम केलं आणि नंतर ब्राउन अँड शार्प या अचूक हत्यारं बनवणाऱ्या कारखान्यात. बंदुकीच्या कारखान्यात एक शिस्त असते. रणांगणावर एका बंदुकीचा घोडा मोडला तर दुसऱ्या बंदुकीचा त्यात बसला पाहिजे, घासूनपुसून बसवायला तिथे लोहार नसतो. ही शिस्त लेलँड यांनी मोटारीत आणली. त्या काळी बहुतेक गाड्या जुळाऱ्यांच्या हातांवर उभ्या राहत. हा भाग त्यात बसत नाही? घ्या कानस, घासा, ठोका, बसवा. प्रत्येक गाडी म्हणजे एक स्वतंत्र व्यक्तिमत्त्व, आणि दुरुस्तीच्या वेळी स्वतंत्र डोकेदुखी.

लेलँड यांची एक गोष्ट आल्फ्रेड स्लोन यांनी सांगितलेली आहे. हेच स्लोन पुढे जनरल मोटर्सचे प्रमुख झाले, पण तेव्हा ते बेअरिंग विकणाऱ्या कंपनीत तरुण व्यवस्थापक होते. त्यांचे बेअरिंग मापात बसत नव्हते. लेलँड यांनी त्यांना समोर बसवलं, मायक्रोमीटर काढला, एकेक नग मोजून दाखवला, आणि बजावलं की तुम्ही हजारो नग बनवत असाल, पण पहिला आणि शेवटचा अगदी सारखा असायला हवा. स्लोन यांनी लिहिलं आहे की मोठ्या प्रमाणावर उत्पादन म्हणजे काय, याची जाण त्यांना त्या दिवशी आली. हे दोघे लक्षात ठेवा. आजच्या कथेच्या दोन टोकांना हे दोघे उभे आहेत.

पहिली कॅडिलॅक श्रीमंतांची गाडी नव्हतीच. एका सिलिंडरची, साधी, किंमत साडेसातशे डॉलर. तिचा दिमाख आत होता, मापात.

आणि ते माप जगानं पाहिलं १९०८ साली, इंग्लंडमध्ये. कॅडिलॅकचे तिथले विक्रेते फ्रेडरिक बेनेट यांनी रॉयल ऑटोमोबाइल क्लबला गळ घातली की आमच्या गाड्यांची परीक्षा घ्या. क्लबनं लंडनच्या साठ्यातून तीन गाड्या निवडल्या, ब्रुकलँड्सच्या शर्यतपट्ट्यावर नेल्या, आणि तिन्ही खोलल्या. पार खोलल्या! प्रत्येकीचे ७०० हून अधिक सुटे भाग. सगळ्यांचा एकच ढीग केला. त्यातले नव्वदच्या आसपास भाग काढून घेतले आणि त्यांच्या जागी दुकानातल्या साठ्यातले नवे दिले. मग मेकॅनिकना सांगितलं की आता यातून तीन गाड्या उभ्या करा. हातात फक्त पाने आणि स्क्रूड्रायव्हर. कानस नाही, हातोडा नाही. गाड्या उभ्या राहिल्या. दिसायला चित्रविचित्र होत्या, कारण एकीचा मडगार्ड दुसरीला आणि दुसरीची पाटी तिसरीला. पण तिन्ही सुरू झाल्या आणि प्रत्येकीनं पाचशे मैलांची चाचणी पूर्ण केली. त्या वर्षीचा ड्यूअर करंडक कॅडिलॅकला मिळाला. अमेरिकन गाडीला हा मान प्रथमच मिळत होता. त्यानंतर कंपनीनं स्वतःला 'जगाचं मानक' म्हणवून घ्यायला सुरुवात केली.

इथे आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना राहवत नाही. मिलिंदप्रश्न आठवतो तुम्हाला? नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला विचारतात, तू रथातून आलास ना, मग रथ कुठे आहे? चाक म्हणजे रथ? आस म्हणजे रथ? धुरा म्हणजे रथ? यातलं काहीच रथ नाही, मग रथ हे केवळ नाव आहे का? ब्रुकलँड्सवर हाच प्रश्न लोखंडात विचारला गेला. ढिगातून उभ्या राहिलेल्या तीन गाड्यांपैकी मूळची पहिली कोणती? उत्तर नाही, आणि उत्तर नाही हाच तर विजय. तिथे कोणतीही गाडी 'ती एकमेव' नव्हती. जे टिकलं ते सामान्य, व्यक्ती नव्हे. नैयायिक ज्याला जाती म्हणतात, ती मोजपट्टीनं घडवता येते, असं त्या दिवशी दिसलं. यातला लोकशाहीचा धागा सोडू नका. कुठलाही भाग दुसऱ्याच्या जागी बसतो, कोणी जन्मानं खास नाही, कसोटी एकच आणि ती सगळ्यांना सारखी. ज्या नावाच्या मुळाशी खोटं सरदारपद होतं, त्या नावानं पहिला खरा मान मिळवला तो समानतेवर.

१९०९ साली विल्यम ड्युरंट यांनी कॅडिलॅक विकत घेऊन जनरल मोटर्समध्ये आणली. लेलँड कारभार पाहत राहिले. त्या काळातली आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. मोटार सुरू करायची तर पुढे उभं राहून लोखंडी दांडा फिरवावा लागे. इंजिननं उलटा झटका दिला की मनगट मोडे, जबडाही. लेलँड यांचे स्नेही बायरन कार्टर १९०८ साली वारले. रस्त्यात अडकलेल्या एका बाईंची गाडी सुरू करून देताना त्यांना दांडा लागला आणि त्यातून ते उठले नाहीत, असं सांगितलं जातं. लेलँड यांनी तो दांडाच घालवायचं मनावर घेतलं. चार्ल्स केटरिंग नावाचा इंजिनिअर आधी गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होता, आणि तिथे त्यानं गल्ल्याला विजेची मोटर बसवली होती. त्याची युक्ती साधी होती. मोटरनं सतत काम करायचं नाही, क्षणभरच जोर लावायचा आहे, मग ती लहान असली तरी चालते. हीच युक्ती त्यानं गाडीला लावली. १९१२ च्या कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर आला आणि ड्यूअर करंडक दुसऱ्यांदा मिळाला. मनगटात जोर नसलेल्या कोणालाही आता गाडी स्वतः सुरू करता येऊ लागली. बायकांना, म्हाताऱ्यांना. आमच्या मते कॅडिलॅकनं जगाला दिलेली सर्वात मोठी देणगी हीच. आणि गंमत पाहा, तिच्यात प्रतिष्ठेचा भाग फारसा उरला नाही, कारण थोड्याच वर्षांत ती सगळ्यांची झाली.

१९१५ च्या मॉडेलला आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन आलं. इतक्या मोठ्या संख्येनं असं इंजिन कोणी बनवलं नव्हतं. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी टीकेची झोड उठवली, आणि सुरुवातीच्या गाड्यांत काही दोषही होते. तेव्हा थिओडोर मॅकमॅनस या जाहिरातकारानं २ जानेवारी १९१५ च्या 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट'मध्ये एक जाहिरात दिली. तिच्या मजकुरात इंजिन नाही, किंमत नाही, गाडीचं नावसुद्धा नाही. जो पुढे असतो त्याला मत्सराला तोंड द्यावंच लागतं, एवढाच सूर. अमेरिकन जाहिरातकलेच्या इतिहासात ती आजही गाजलेली आहे. पण आपण जरा थांबून बघू या. ब्रुकलँड्सला कंपनी म्हणाली होती, 'मोजून पाहा.' सातच वर्षांनी ती म्हणते, 'आमच्यावर टीका होते, म्हणजे आम्ही श्रेष्ठ.' प्रमाणाकडून प्रतिष्ठेकडे टाकलेलं हे पहिलं पाऊल.

दोन वर्षांनी, १९१७ साली, पहिल्या महायुद्धातल्या विमानांची इंजिनं बनवण्यावरून ड्युरंट यांच्याशी मतभेद होऊन लेलँड बाहेर पडले. वय ७४. या वयात त्यांनी नवी कंपनी काढली आणि तिला तरुणपणी ज्यांना मत दिलं त्या अध्यक्षांचं नाव दिलं: लिंकन. पुढे ती अडचणीत आली आणि १९२२ साली लिलावात कोणी घेतली? हेन्री फोर्ड यांनी. फोर्ड यांच्या बुडत्या कंपनीतून लेलँड यांनी कॅडिलॅक उभी केली होती, आता लेलँड यांची बुडती कंपनी फोर्ड यांच्या हाती गेली. काही महिन्यांतच लेलँड यांना तिथूनही निघावं लागलं. अमेरिकेच्या दोन्ही मोठ्या आलिशान गाड्यांच्या मुळाशी हा एकच मोजपट्टीवाला म्हातारा आहे.

आता दुसऱ्या टोकाचे स्लोन. जनरल मोटर्सची सूत्रं त्यांच्या हाती १९२३ साली आली. त्यांनी कंपनीच्या गाड्यांची एक शिडी बांधली. खालच्या पायरीवर शेवरोले, सर्वात वर कॅडिलॅक, मध्ये पाँटिअ‍ॅक, ओल्ड्समोबिल, ब्यूक. प्रत्येक खिशासाठी एक गाडी. पगार वाढला की पायरी चढायची. पैसे नाहीत? १९१९ पासून कंपनीची स्वतःची कर्ज देणारी शाखा होतीच. याच शिडीची खालची टोकं जगभर पसरली. १९२८ साली जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला गाड्यांची जोडणी सुरू केली, तीही मुख्यतः खालच्या पायरीवरच्या गाड्यांची.

शिडी उभी करायची तर पायऱ्या दिसायला वेगळ्या हव्यात. त्यासाठी हॉलिवूडच्या नटांना गाड्या सजवून देणारे हार्ली अर्ल डेट्रॉइटला आले. १९२७ सालची लासाल ही कॅडिलॅकची धाकटी बहीण त्यांनी रेखली, आणि मग कंपनीत 'आर्ट अँड कलर' नावाचा विभागच उघडला. दरवर्षी गाडीचं रूप थोडं बदलायचं, म्हणजे गेल्या वर्षीची गाडी चालत असली तरी जुनी वाटू लागते. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ सालीच दिखाऊ उपभोगाबद्दल लिहून ठेवलं होतं. स्लोन आणि अर्ल यांनी त्याची कारखानदारी केली.

आता आम्ही या व्याख्यानाच्या गाभ्याशी येतो. जानेवारी १९३० मध्ये कॅडिलॅकनं सोळा सिलिंडरची गाडी बाजारात आणली. शेअर बाजार कोसळून तीन महिनेही झाले नव्हते. पहिल्या वर्षी ती खपली, नंतर मागणी इतकी आटली की काही वर्षी वर्षाला शंभर गाड्याही निघेनात. कॅडिलॅक विभागच बंद करावा का, अशी चर्चा वरच्या पातळीवर सुरू झाली. तेव्हा दुरुस्ती आणि सेवा पाहणारे एक जर्मन वंशाचे अधिकारी होते, निकोलस ड्राइस्टाट. पुढचा प्रसंग व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक पीटर ड्रकर यांनी सांगितलेला आहे. ड्राइस्टाट गावोगावच्या सेवाकेंद्रांना भेटी देत. तिथे त्यांना दिसलं की कृष्णवर्णीय गिऱ्हाईकं कॅडिलॅक दुरुस्तीला घेऊन येतात. डॉक्टर, मुष्टियोद्धे, गायक. हे कसं? कंपनीचं धोरण तर होतं की कृष्णवर्णीयांना कॅडिलॅक विकायची नाही, गाडीची प्रतिष्ठा कमी होईल! मग हे लोक काय करत? एखाद्या गोऱ्या माणसाला वर पैसे देत आणि त्याच्या नावावर गाडी घेत. म्हणजे गाडीच्या किमतीवर आणखी एक किंमत, नुसत्या कातडीच्या रंगाची.

ड्राइस्टाट न बोलावता वरिष्ठांच्या बैठकीत गेले आणि म्हणाले की हा वरचा पैसा गोऱ्या दलालांना का जावा? थेट विका. त्यांचं म्हणणं मान्य झालं. १९३४ साली ते कॅडिलॅकचे प्रमुख झाले आणि विभाग सावरला. एवढ्या एकाच निर्णयानं सावरला असं म्हणणं सोपं आहे, पण ते पुरं नाही. ड्राइस्टाट यांनी उत्पादनाचा खर्चही कापला आणि १९३६ साली कमी किमतीची मालिका आणली. तरीसुद्धा हा निर्णय महत्त्वाचा होता. तो न्यायबुद्धीतून झाला नव्हता, हिशेबातून झाला होता, हेही आपण लपवायचं कारण नाही.

त्याच १९३६ साली न्यूयॉर्कचे व्हिक्टर ग्रीन यांनी कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी 'ग्रीन बुक' नावाची पुस्तिका काढली. कुठल्या गावात आपल्याला खोली मिळेल, कुठे जेवण, कुठे पेट्रोल, याची ती यादी. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. देशातली सर्वात महाग गाडी विकत घेता येते, पण रात्री त्या गाडीतून उतरून कुठल्या दारात उभं राहता येईल, यासाठी पुस्तक लागतं. वाहनावर कोणी बसावं आणि कोणी बसू नये हा वाद महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना नवा नाही. वरातीच्या घोड्यावरून आपल्याकडे काय काय झालं आहे, ते आपण जाणतो.

सप्टेंबर १९४९ मध्ये शिकागोच्या 'एबनी' या कृष्णवर्णीयांच्या मासिकानं एक संपादकीय छापलं. विषय हाच: आमचे लोक कॅडिलॅक का घेतात? तेव्हा उपदेशकांची कमी नव्हती. घर नीट नाही आणि गाडी एवढी कशाला, असं विचारणारे पुष्कळ. संपादकीयाचा आशय असा होता की अनेकांसाठी ही गाडी म्हणजे आपण कुठल्याही गोऱ्या माणसापेक्षा कमी नाही याची भरभक्कम खूण आहे. या उत्तराची ताकद ओळखू या. चांगल्या वस्तीत घर विकत मिळत नाही, कारण विकणारा विकत नाही. क्लबचं सभासदत्व मिळत नाही. पण गाडी मात्र तीच मिळते, त्याच मापाची, बँकेच्या अध्यक्षाच्या गाडीसारखीच. ब्रुकलँड्सचा ढीग आठवा. या गिऱ्हाइकाला गाडीत प्रतिष्ठा हवी होती हे खरं, पण ती त्याला मिळत होती ती गाडी 'सारखी' होती म्हणून. मुष्टियोद्धा शुगर रे रॉबिन्सन यांची गुलाबी कॅडिलॅक हार्लेमच्या रस्त्यावरून जाई, तेव्हा पाहणाऱ्या पोरांना ती उधळपट्टी वाटली असेल असं आम्हाला वाटत नाही.

उपभोगावर टीका करणाऱ्या आम्हा पंडितांनी इथे जरा सांभाळून बोलावं. ज्याला मान जन्मजात मिळालेला असतो त्याला साधेपणा परवडतो.

युद्धानंतरचा काळ कॅडिलॅकच्या वैभवाचा. युद्धात तिथे रणगाडे बनले. युद्धापूर्वी अर्ल यांनी आपल्या चित्रकारांना लॉकहीडचं पी-३८ हे दोन शेपट्यांचं विमान दाखवायला नेलं होतं. १९४८ च्या कॅडिलॅकला त्यावरून मागे दोन छोटे पंख फुटले. पुढच्या वर्षी नवं, जोरकस इंजिन आलं. तेव्हा अजून रूप आणि माप बरोबर चालत होते. १९५० साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ब्रिग्ज कनिंगहॅम यांच्या दोन कॅडिलॅक दहाव्या आणि अकराव्या आल्या, हे काही नुसत्या दिमाखानं होत नाही. पण पंख दरवर्षी वाढत गेले आणि १९५९ साली आकाशाला टेकले. ते पंख उडण्यासाठी नव्हते, शेजाऱ्यासाठी होते. १९५७ सालची एल्डोराडो ब्रोअम तेरा हजार डॉलरच्या वर होती. छत स्टेनलेस स्टीलचं, आणि आतले पेले लोहचुंबकानं जागेवर राहणारे.

गाणाऱ्यांना तर या गाडीनं वेड लावलं. एल्व्हिस प्रेस्ली यांनी १९५५ ची गुलाबी कॅडिलॅक आईला दिली. आईकडे गाडी चालवायचा परवाना नव्हता. गरिबीतून वर आलेल्या मुलाची ती दक्षिणा होती, तिचा उपयोग काय हा प्रश्नच गैरलागू. दुसरीकडे हँक विल्यम्स हे मोठे गायक १९५३ च्या नववर्षदिनी, कार्यक्रमाला जाताना, आपल्या कॅडिलॅकच्या मागच्या आसनावर मृत सापडले. वय २९. वाहन एकच, प्रवास वेगळे.

आणि आम्हाला सर्वात आवडणारी गोष्ट जॉनी कॅश यांच्या १९७६ च्या 'वन पीस अ‍ॅट अ टाइम' या गाण्यातली. कॅडिलॅकच्या कारखान्यातला एक मजूर. आयुष्यभर गाड्या जोडतो, पण स्वतःला घेता येत नाही. मग तो वर्षानुवर्षं डब्यातून एकेक भाग चोरून घरी नेतो. शेवटी जोडायला बसतो तर काय? काही जुळत नाही! दरवर्षी मॉडेल बदललेलं, भोकं वेगळी, दिवे वेगळे. गाणं विनोदी आहे, लोक हसतात. पण १९०८ शेजारी ठेवून ऐका. तेव्हा तीन गाड्यांच्या ढिगातून तीन गाड्या उभ्या राहिल्या, कारण पहिला आणि शेवटचा भाग सारखा होता. आता त्याच कारखान्यातले भाग एकमेकांना ओळखत नाहीत. लेलँड यांच्या मोजपट्टीवर स्लोन यांच्या शिडीनं केलेली मात एका विनोदी गाण्यानं सांगितली.

पुढचा भाग लवकर सांगता येईल. १९७८ च्या सुमारास वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास कॅडिलॅक खपत होत्या. अर्थतज्ज्ञ फ्रेड हर्श यांनी १९७६ साली दाखवलं की काही वस्तूंचं मोल त्या इतरांकडे नसण्यात असतं, आणि अशा वस्तू सगळ्यांना दिल्या की त्या राहतच नाहीत. साडेतीन लाख लोकांना विकलेलं वेगळेपण किती वेगळं राहणार? त्यात तेलाचं संकट आलं, जर्मन गाड्या आल्या. १९८१ साली गरजेप्रमाणे आठ, सहा किंवा चार सिलिंडर चालवणारं इंजिन आणलं. कल्पना चांगली होती, पण त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक्सला ती पेलली नाही. आणि १९८२ साली आली सिमरॉन. मूळ सांगाडा शेवरोले कॅव्हेलियरचा, शिडीच्या खालच्या पायरीवरचा. त्यावर चामड्याची आसनं आणि कॅडिलॅकचं चिन्ह. लोकांनी ओळखलं. सहा वर्षांत ती बंद झाली. प्रतिष्ठा प्रमाणावर उभी असते तोवर चालते, खालून प्रमाण काढून घेतलं की तिचं नुसतं चिन्ह उरतं.

त्याआधीच, १९७४ साली, काही कलावंतांनी टेक्सासमध्ये अमरिलोजवळ दहा कॅडिलॅक नाकाकडून जमिनीत पुरल्या होत्या, पंख वर करून. १९४९ ते १९६३ ची मॉडेलं, ओळीनं. येणारेजाणारे त्यांच्यावर रंग फवारतात, आणि ते चालतं. रंगाचे थर एवढे चढले आहेत की मूळ गाडी शोधावी लागते. कुणाला ते थडगं वाटतं, कुणाला देऊळ.

नंतर कंपनी सावरली. १९९० च्या दशकाच्या शेवटी एस्कलेड नावाची धिप्पाड गाडी आली आणि हिप-हॉप गायकांनी तिला डोक्यावर घेतलं. एल्व्हिस यांच्या गुलाबी गाडीचा वारसा असा पुढे चालला. आता विजेच्या कॅडिलॅक आहेत, हातानं घडवलेली सेलेस्टिक आहे. नव्या शतकाच्या तोंडाशी चिन्ह सुटसुटीत केलं, तेव्हा त्यातले ते बिनपायाचे पक्षी काढून टाकले. 'प्रतिष्ठा' या शब्दात 'स्था' धातू आहे, उभं राहणं. पाय नसलेल्या पक्ष्याला उभं राहता येत नाही, तेव्हा बरंच झालं म्हणायचं!

तर, या गाडीचं आकर्षण नेमकं कशात? आम्हाला त्यात तीन धागे दिसतात आणि ते वेगळे ठेवायला हवेत. पहिला कारागिराच्या अचूकतेचा, जो मोजता येतो आणि सगळ्यांना वाटता येतो. स्टार्टरसारखा. दुसरा वरचढपणाचा, जो वाटला की संपतो. आणि तिसरा बरोबरीचा: आम्हीही माणूसच आहोत, हे जगाला दिसेल असं सांगण्याचा. दुसरा आणि तिसरा बाहेरून एकसारखे दिसतात. दोघांच्या दारात गाडी तीच उभी असते. पण एकाला शेजारी खाली हवा असतो, दुसऱ्याला शेजाऱ्याच्या बरोबरीनं उभं राहायचं असतं. हा फरक न करता उपभोगावर बोलणं म्हणजे मोजपट्टी न लावता किंमत सांगणं.

तुमच्याही घरात, दारात अशी एखादी वस्तू असेल. ती यातल्या कुठल्या धाग्यानं आली, ते आज घरी गेल्यावर जरा तपासून पाहा. प्रश्न असतील तर आता घेऊ या.